माहेरून आणलेला ओंडका

किस्से जमवायला फार बोलावं लागत नाही. उलट गप्प बसावं लागतं. कमी बोलणाऱ्या नव्या सुनेसमोर लोक इतकं बिनधास्त बोलतात, की लग्नाला वर्षही झालं नाही तोवर माझ्याकडे साड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. आणि मुलुंडच्या आमच्या या सुशिक्षित घरातले निम्मे किस्से एकाच दगडाभोवतीचे!

दगड माझा. मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलंय. आमच्या मॅडमनी निवृत्त होताना तो माझ्या हातात ठेवला. कुकरएवढा, दगड झालेल्या झाडाचा ओंडका. बाहेरून तांबूस साल, कापलेल्या बाजूला वर्तुळं, फांदी फुटली होती तिथली गाठसुद्धा. बघितलं तर लाकूड, हात लावला तर गार दगड. माझ्याकडे एवढी एकच मोलाची वस्तू, म्हणून रुखवतात मांडली. चूक तिथेच झाली.

*

रुखवत बघायला वरपक्ष आला. नणंद म्हणाली, "वहिनी, माहेरून जळण पण आणलंस?" सगळे खो खो हसले.

सासूबाईंचे मावसभाऊ, बोरिवलीचे मामा, पुढे सरसावले. "एवढंसं तर लाकूड!" म्हणत एका हाताने उचलायला गेले आणि तिथेच वाकडे राहिले. कमरेत उसण! अल्बममध्ये प्रत्येक फोटोत मामा कुणाच्या तरी पाया पडायला निघाल्यासारखे दिसतात.

"मुलीकडच्यांनी लाकडात दगड भरून फसवलं," असं ते अजून सांगतात.

*

अप्पा, म्हणजे माझे सासरे, बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झाले. त्यांनी ओंडक्यावर टिचकी मारली, कान लावला आणि निकाल दिला, "सागवान!"

"अप्पा, त्यात आता लाकूड उरलेलंच नाही."

"नसू दे. सागवानच. आमच्या मॅनेजरचं टेबल अस्संच वाजायचं."

रविवारी त्यांनी त्याला पॉलिश मारलं. दुपारी ते झोपल्यावर मी टर्पेंटाइनने सगळं पुसून काढलं. संध्याकाळी अप्पा खूश! "बघितलंस? सगळं पॉलिश पिऊन टाकलं. अस्सल लाकूड!"

*

निखिल, माझा नवरा, इंजिनीअर आहे. मित्र जेवायला आले की माझा दगड तोच समजावतो. "कोट्यवधी वर्षं दाबलं ना, की लाकडाचा दगड होतो. सिंपल. प्रेशर!"

एकदा मी भाजी वाढता वाढता म्हटलं, "प्रेशर नाही रे. झाड पटकन गाळात गाडलं गेलं, हवा मिळाली नाही, म्हणून कुजलं नाही. मग जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका आत झिरपली आणि एकेका पेशीत साचत गेली. लाकूड गेलं, पण त्याची नक्षी दगडात तशीच राहिली. हा लाल रंग लोहाचा."



"तेच सांगतोय ना मी," निखिल मित्रांना म्हणाला, "प्रेशर!"

*

एकदा सासूबाईंना ओंडक्यात बारीक भोकं दिसली. "वाळवी! अगं बाई, माझं नवीन किचन!"

"आई, भोकं किड्यांचीच आहेत, पण ते किडे डायनासोरच्या काळातले."

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे तेव्हापासून आत आहेत?"

पेस्ट कंट्रोलवाला आला. भोकाभोकात औषध मारून गेला. एक वर्षाची वॉरंटी देऊन!

*

मग बोरिवलीचे मामा वास्तू बघायला आले. हल्ली ते मोबाइलवरच्या होकायंत्रावर लोकांची नशिबं दुरुस्त करतात. घरात दोन दुखणी होती. निखिलचं प्रमोशन अडलं होतं. आणि माझ्याकडून 'गोड बातमी' नव्हती. मामा थेट ओंडक्यापुढे थांबले, पण कमरेवर हात ठेवून, लांबूनच.

"मेलेलं झाड घरात ठेवलंय, आणि पालवी फुटायची वाट बघताय? याला अग्नी द्यायला हवा."

"मामा, दगड आहे तो. जळणार नाही. फार तापला तर तडकेल मात्र."

"सगळ्यांना हे झाड आहे म्हणून तूच सांगतेस ना? मग?"

मी निखिलकडे बघितलं. "अगं, होऊन जाऊ दे ना," तो म्हणाला, "नाही जळलं तर तूच जिंकलीस!"

"आणि तडकला तर?"

निखिल फोन बघायला लागला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर लोखंडी घमेल्यात गोवऱ्या रचल्या, वर माझा ओंडका. कापूर, तूप, मंत्र. गोवऱ्यांची राख झाली. ओंडका काळा पडला, पण तसाच. मामा म्हणाले, "तूप कमी पडलं." पुन्हा तूप, पुन्हा गोवऱ्या. माझा जीव त्या गाठीत अडकलेला. शेवटी धुराला कंटाळून अप्पांनी पाण्याची बादली उचलली.

"पाणी ओतू नका!" मी ओरडले.

तापलेल्या दगडावर गार पाणी म्हणजे तुकडेच. पण सगळे दगडाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. एवढा मोठा आवाज मला आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. अप्पांनी बादली खाली ठेवली.

दुपारी तो निवला. मी ओढणीने काजळी पुसली. साल, वर्तुळं, गाठ, सगळं शाबूत. मामा बघतच राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि चक्क हात जोडले.

"अग्नीने नाकारलं! साधं लाकूड नव्हे हे, ताई. स्वयंभू आहे!"

मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणला. आता तो देवघराशेजारी चौरंगावर असतो. अंगावर हळदकुंकू, खाली रेशमी खण. सोमवारी सकाळी मी नेहमीसारखं फडकं घेऊन त्याची धूळ पुसायला गेले, तर सासूबाईंनी मधेच माझं मनगट धरलं आणि अगदी मायेने म्हणाल्या,

"थांब गं. आधी सांग, अडचण नाहीये ना तुझी? नाहीतर बाटेल तो!"