अंतरपाटाआधीच्या अक्षता

अंतरपाट अजून धरलेला होता आणि अक्षता पडूनही गेल्या होत्या. अर्धं येडगाव पंगतीकडे निघालं होतं. हे सगळं माझ्या वॉर्मअपमुळे.

आमच्या बँडमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच मेन क्लॅरिनेट माझ्याकडे आली होती. मालक दत्तूमास्तर स्वतः वाजवायचे, पण त्यांचा पुढचा दात पडला आणि फुंकर निसटायला लागली. सकाळीच त्यांनी दम भरला होता, "चुकलास, तर उद्यापासून झांजा वाजवायच्या!"

गोरज मुहूर्त, त्यात धरणावरचा गार वारा. गारठ्यात क्लॅरिनेटचा सूर उतरतो. म्हणून आधी लाँग टोन घ्यायचे, म्हणजे एकच सूर एका दमात लांबवर धरून ठेवायचा. वाद्य तापतं, दम बसतो. ते मी ढोलवाले यायच्या आधीच घेतले होते हो! पण नवरीच्या आत्याबाई मंगलाष्टकं संपवेचनात. प्रत्येक कडवं वेगळ्या पट्टीत. क्लॅरिनेट पुन्हा गारठली. म्हटलं, हळूच एक सूर घेऊ, कुणाला कळतंय?

आमच्याकडे क्लॅरिनेटचा पहिला सूर हीच ढोलवाल्यांची खूण. माझं 'पूंऽऽ' निघालं आणि धडाड्धूम! लग्न लागलं समजून लोकांनी मुठी रिकाम्या केल्या.

भटजी ओरडले, "अहो, मुहूर्ताला दोन मिनिटं आहेत!"

ढोल गप्प. माझं मात्र भीतीनं पूंऽऽ चालूच. मास्तर धावत आले. संपलं, म्हटलं, आता झांजा!

मास्तर कानात म्हणाले, "थांबू नको राव! धर तसाच! आत्याबाई सुरात आल्यात!"

खरंच की! माझा सूर पकडून बाई शेवटचं कडवं अशा गायल्या, की पंगतीकडची माणसं माघारी फिरली. मी ओळीओळीला चोरून श्वास घेत होतो, डोळे बाहेर यायचे बाकी होते. पण आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या!

'सावधान' झालं, अंतरपाट निघाला. अक्षता कुठायत? आचाऱ्यानं मसालेभाताच्या उरलेल्या कच्च्या तांदळाचं घमेलं पुढे केलं.

जेवताना आत्याबाई मला म्हणाल्या, "भाऊ, धाकटीच्या लग्नाला तुमीच या. लई ग्वाड सूर व्हता."

धडा एवढाच, की ढोलवाल्यांना सांगितल्याशिवाय वॉर्मअप करू नये. मास्तरांनी पुढे दात बसवून घेतला, पण मेन क्लॅरिनेट काही परत मागितली नाही. झांजा आता तेच वाजवतात.