नलिनीताईंबरोबर सावनेरला

नागपूरला उतरलो तेव्हा सकाळचंच ऊन अंगावर धावून आलं. आम्ही साताऱ्याकडची माणसं, गारव्याला सोकावलेली. नलिनीताईंवर लेख लिहायचा नसता तर मे महिन्यात इकडे फिरकलोही नसतो. ताईंचं संशोधन पोटातल्या जंतांवर आणि माणसाच्या मनावर. ही दोन टोकं एका घरात कशी नांदतात, ते मला घरबसल्या काही कळेना.

प्रताप नगरातल्या त्यांच्या घरी कूलरसमोर बसवून त्यांनी सांभारवडी (कोथिंबीर भरलेली तळलेली वडी) कढीबरोबर वाढली. मी पोटाला न विचारता खात सुटलो आणि ताई सांगत गेल्या. डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या पोटात फितीसारखा लांब जंत वाढतो. त्याची अंडी न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या जेवणात गेली, की अळी मेंदूत जाऊन बसू शकते. मग झटके येतात, काहींचं वागणंही बदलतं, आणि लोक वेड लागलं म्हणून मोकळे होतात. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडलेल्या काही रुग्णांच्या डोक्यात ताईंनी ही अळी दाखवून दिली होती. पण मला जास्त भावला तो त्यांचा नंतरचा निबंध. एका आजाराचा दोष आपण उगाच अळीवर टाकला, आपला अंदाज चुकला, असं त्यांनी स्वतःच लिहून छापलं आहे. एवढं मोठं मन थोरामोठ्यांतही मी क्वचितच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघालो. कोराडीपाशी कोळशाच्या ट्रकमागे अडकलो. गाडीची काच खाली करण्याचं शहाणपण माझं, त्यामुळे काळं तोंडही माझंच झालं. सावनेरच्या पुढे, नांगरून ठेवलेल्या शेतांपलीकडे एक गाव आहे. तिथल्या सुनीताला झटके यायचे. झोप उडाली होती, एकटीच बडबडायची. सासूनं तिला कायमची माहेरी धाडायचं ठरवलं होतं. लहानगी लेक मात्र सासरीच राहणार होती. न्यायला भाऊ येणार म्हणून तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

मेंदूत अळी असल्याचं सुनीताच्या तपासणीत दिसलं होतं. पण रोगी एक असला तरी तपासायचं आख्खं घर, ही ताईंची रीत. त्यांनी आधीच सगळ्यांच्या शौचाचे नमुने नेले होते. आता त्यांचा निकाल घेऊन आल्या आहेत, हे ऐकून सासूबाई पुन्हा तापल्या.

"आमच्या घरात अंडंबी शिजत नाही, मॅडम. डुकराचा किडा कुठून येईन?"

सूनच कुठं काहीबाही खाऊन आली असणार, हेही त्यांनी ठरवून टाकलं. ताईंनी वाद घातला नाही. सुनीताचा नवरा प्रकाश कोराडीला कामाला जातो. त्याला घेऊन त्या गोठ्यामागे गेल्या. परतल्यावर सुनीताला तिची औषधं समजावली आणि घरातल्या बाकी मोठ्यांना एकसारख्या गोळ्या दिल्या. कुणाचं नाव घेतलं नाही. मी हळूच विचारलं, तर "ते त्याचं त्याच्याजवळ," म्हणून मला गप्प केलं.

तेवढ्यात सासूबाईंनी पिशवी उचलून ओट्यावर आणली. प्रकाशला ते बघवलं नाही.

"माय, तो किडा माह्या पोटात निघाला. कोराडीले दोस्तांसंगं मीच खात होतो."

सासूबाई पिशवी धरून होत्या तिथेच खाली बसल्या. मग सुनीतानं ताईंना विचारलं, "म्हंजे मी पागल नाही नं, मॅडम?"

"नाही वं," ताई म्हणाल्या. "आन् असती, तरी तुह्या लेकीजवळून तुले काढाचा हक्क कोणालेच नव्हता."

परतीच्या गाडीत ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. सुनीता वेडी नाही एवढं सिद्ध करून ताईंना थांबता आलं असतं, आम्ही टाळ्याही वाजवल्या असत्या. पण जिच्या डोक्यात अळी सापडणार नाही, अशा बाईची बाजूही त्यांनी त्याच ओट्यावर मांडली. त्यांच्या साऱ्या निबंधांपेक्षा मला हे थोर वाटलं.

परवा ताईंचा फोन आला. सुनीता घरीच आहे, औषधं चालू आहेत. मध्ये एकदा झटका आलाच. प्रकाश कामावर होता. सासूबाईंनी तिला कुशीवर वळवलं, पदराची घडी करून डोक्याखाली दिली, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत नातीला मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसून राहिल्या.