दाराची कडी

आर्काबुको गावाच्या चौकात एलिएसेरची बेकरी होती, तिला लागूनच घर. मक्याच्या पिठात चीज मळून भाजलेले त्याचे गोल पाव घ्यायला तुन्हा शहराकडे जाणाऱ्या बसगाड्या मुद्दाम थांबत. पण त्याची स्वतःची मुलगी, लिसेत, बारावं वर्ष लागल्यापासून त्याच्या हातचं काही खाईना. बाबांच्या हाताला गावभरचे हात लागतात, म्हणायची.

मग ती स्वतःचे हात धुऊ लागली. आधी दिवसातून दहादा, नंतर चाळीसदा, कातडी फाटून रक्त येईपर्यंत. शाळाही कायमची सुटली. तिची आई फ्लोराल्बा दाराच्या कड्या पुसून ठेवी, नवऱ्याला अंगणातच कपडे बदलायला लावी. "स्वच्छ आहे ना, आई?" असं पोरीने कितीदाही विचारलं, तरी "हो गं बाळा, स्वच्छ आहे," म्हणे.

तुन्हाच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि दोघांना बसवून सांगितलं, तुम्ही जितकं पुसाल तितकी तिची भीती वाढेल. तिला विश्वासात घेऊन, हळूहळू एकेक गोष्ट पुसायचं सोडा. परतताना एलिएसेरला वाटलं, चला, वाट तरी सापडली. फ्लोराल्बा बसच्या खिडकीबाहेर बघत होती.

"सांगायला काय जातंय," ती म्हणाली. "त्यांना थोडंच तिचं रडणं ऐकावं लागतं."

त्यानंतर रोज तेच. तो म्हणे, तुझ्या मायेनंच पोर बुडतेय. ती म्हणे, तुम्ही भट्टीवर निघून जाता, अख्खा दिवस मला काढावा लागतो. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच ते भांडण मिटत नव्हतं.

एका रविवारी फ्लोराल्बा चर्चला गेली होती. लिसेत अंगणातून घरात यायला निघाली आणि दाराशी थबकली.

"बाबा, कडी पुसा ना."

"आज नको, बाळा. मी आहे ना इथे."

डॉक्टरीणबाईंचं 'हळूहळू' त्या क्षणी त्याला आठवलं नाही. पाऊस भुरभुरत होता. पोर तासभर तशीच उभी राहिली, रडलीसुद्धा नाही. मग तिने भिंतीवर कपाळ आपटायला सुरुवात केली. तिसऱ्या आवाजाला तो फडकं घेऊन धावला. एकदा पुसलं, दोनदा पुसलं. "अजून, बाबा," ती म्हणत राहिली.

फ्लोराल्बा परतली तेव्हा तो उंबऱ्यावर गुडघे टेकून पुसतच होता. आता टोमणा येणार, म्हणून त्याने मान खाली घातली. तिने शाल काढली, दुसरं फडकं ओलं केलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"काय करायचं गं आपण?" त्याने विचारलं.

"मला कुठे ठाऊक आहे, एलिएसेर."

लिसेत आता पंधराची आहे. एखादा आठवडा बरा जातो. कधी ती टेबलाशी येऊन बसते, आईने वेगळ्या भांड्यात केलेलं सूप पिते आणि बाबांना सांगते, आज भट्टीचा वास छान येतोय. पुढचा आठवडा पुन्हा साबणात जातो. नवराबायको अजून भांडतात, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून भट्टीमागे, दबक्या आवाजात. फक्त बाजू आता ठरलेल्या नाहीत. तो फडक्याला हात घालतो त्या दिवशी ती म्हणते, नका, तिची सवय वाढेल; आणि ती पुसायला लागली, की तो तिचं मनगट धरतो. मग आतून लिसेतची हाक येते, आणि दोघांपैकी जो जवळ असेल तो जातो.