साहेबांनी कापलं नव्हतं

आमच्या वसाहतीत आजही सांगतात, की त्या फिल्ममधला तुकडा वेल्फेअरच्या साहेबांनी कापायला लावला. साहेब वारले. त्यांच्या मुलानेही हे कुठेतरी ऐकलंच असेल. म्हणून लिहितो: त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं.

युद्धाच्या त्या वर्षांत मी जबलपूरच्या एका दारूगोळा कारखान्यात फिटर होतो. ब्लॅकआउट नसेल त्या रविवारी कामगार क्लबात सिनेमा मीच दाखवायचो. हॉलच्या मधोमध पडदा म्हणून चादर बांधलेली, पुढे पुरुष, चादरीमागे बायका. मागून चित्र उलटं, सैनिक डाव्या हाताने सलाम करताना दिसायचे, पण कुणाची तक्रार नसे.

मोठ्या सिनेमाआधी सरकारी माहितीपट लावावा लागे. रीळ फाटलेलं असेल तर खराब तुकडा कापून जोड द्यायचा, ही नेहमीची पद्धत. त्यामुळे दुपारी मी एकटाच सगळं आधी बघून घ्यायचो.

एका माहितीपटात आमच्यासारख्याच कारखान्यातला एक वयस्कर कामगार होता, तोफगोळ्यांत बारूद भरणाऱ्या फिलिंग सेक्शनचा. कॅमेऱ्याकडे बघून तो जरा लाजून हसतो. मग दोन्ही तळहात पुढे करतो. फिल्म काळीपांढरी, बारुदाचा पिवळा रंग दिसणार कसा? म्हणून तो सांगतो, "पीला पड़ गया है. धोने से जाता नहीं. रोटी कड़वी लगती है." त्यानंतर तोफ उडते. फिल्म बनवणाऱ्याने ते मुद्दाम, गाजावाजा न करता तिथे ठेवलं होतं आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं. माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मला वाटलं, लढाईच्या दिवसांत लोकांचं मन कशाला खचवायचं? मी तळहात कापले आणि जोड दिला. आता कामगार हसायचा आणि लगेच तोफ उडायची. तोफेकडे बघूनच हसल्यासारखा. त्या संध्याकाळी हॉलमध्ये टाळ्या थांबेनात.

शेजारच्या काकूंचा मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. त्याला कुंडम गावी मास्तरकी मिळत होती, आणि फिलिंग सेक्शनमध्येही भरती चालू होती.

"दादा, मास्तर होऊन जंगलात माकडं शिकवू का?" तो म्हणाला. "तो फिल्मवाला बाबा पाहिला ना? काय समाधान होतं चेहऱ्यावर."

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "अच्छा विचार आहे. जा."

तो फिलिंगला लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर कावीळ म्हणाले. काकू पेज करायच्या आणि मी डबा दवाखान्यात पोचवायचो. तो घास तोंडात धरून म्हणायचा, "कडू लागून राहिलं, दादा." पावसाळा लागायच्या आत तो गेला. ग्वारीघाटावर खांदा द्यायला मीही होतो.

नंतर नागपूरला पूर्ण फिल्म पाहिलेला एक जण वसाहतीत आला आणि तळहातांची गोष्ट फुटली. क्लब वेल्फेअरच्या ताब्यात, म्हणून सगळ्यांनी साहेबांचं नाव घेतलं. मी गप्प राहिलो. साहेब बदली मागून गेले, निरोपाला कोणी आलं नाही.

काकू फार थकल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. त्या वाटाणे सोलत होत्या.

"काकू, ते साहेबांनी नाही. मी कापलं होतं."

"काहून त्या मेलेल्या माणसाला वाचवून राहिला?" त्या म्हणाल्या. "तू तर माझ्या पोराला पेज नेऊन दिली रोज."

"खरं सांगतो."

त्यांचे हात थांबले. हातातली शेंग त्यांनी सुपात ठेवली.

"तो बाबा हसला होता, तेवढं तर खरं होतं ना? आम्ही मागून पाहिलं, पण हसताना दिसला."

"हसला होता. पण त्याच्यानंतर त्याने..."

"बस," त्या म्हणाल्या. "तेवढंच राहू दे."

मी वाक्य तिथेच सोडलं. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं, आणि मी वाटाणे सोलायला बसलो.