पस्तीस मैलांच्या पुढची थरथर

सोपानराव गाडी चालवताना डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर पालथा ठेवत. पहिल्यांदा त्यांच्या पिकअपमध्ये बसलो तेव्हा त्यांनी मला दाराला चिकटून बसवलं आणि मधली जागा हातासाठी मोकळी ठेवली. माणूस विक्षिप्त दिसतो, असं मी मनात म्हटलं. काटा पस्तीस मैलांच्या पुढे गेला आणि सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरू लागली.

"कळलं का? गावात गुणाची हाय, हमरस्त्याला लागली की बिथरती," ते म्हणाले.

ते महाळुंग्याचे. महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेल्या या पिकअपमधून ते तळेगावाहून काचेच्या बाटल्या पिंपरीच्या औषध कारखान्यात आणत. त्या उतरवून घेणारा कारकून मी, सांगलीकडून आलेला, चिंचवडात खोली घेऊन एकटा राहणारा. रविवारी जावं कुठे, हा मला प्रश्न असे. त्यांनाही तो होता, कारण गाडीत मधल्या जागेवर बसणारी त्यांची बायको अनसूया आदल्या वर्षी माहेरी बाळंतपणात वारली, आणि मूलही राहिलं नाही. दोन रिकामे रविवार एकत्र आले, एवढीच आमची दोस्ती.

गाडीची थरथरही आदल्या वर्षीचीच. तिने बाटल्या फुटत. असंच चाललं तर काम दुसऱ्याला देईन, असं ठेकेदाराने बजावलं होतं, आणि हळू चालवावी तर खेपा पुऱ्या होत नसत. सोपानरावांनी चाकं बदलली, स्प्रिंगचे पाटे आवळले, पुण्याच्या मिस्त्रीकडून इंजिनाखालची रबरं नवी घातली. प्रत्येक दुरुस्तीनंतर आम्ही देहूरोडच्या पुढे सरळ रस्त्यावर गाडी पळवून बघत असू. काटा पस्तिसाजवळ आला की दोघेही त्याच्याकडे बघत असू. मग ती यायचीच.

"आली बया," ते म्हणत, पण इतक्या हळू, की त्यात राग मला कधी ऐकू आला नाही.

शेवटी एका रविवारी पवनेच्या काठी गाडी नेऊन आम्ही खालचा चिखल खरवडायला घेतला. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा फिरत असतो. त्यावर चिखल आणि ग्रीस यांचं ढेकूळ घट्ट बसलं होतं. सोपानराव उताणे पडून ते फोडत होते. खरवडण्याचा आवाज थांबला, तेव्हा मी वाकून पाहिलं. ढेकळाच्या आत घोड्याची नाल होती, कुंपणाच्या तारेने आवळलेली, आणि तिच्याभोवती हिरव्या लुगड्याची चिंधी.

"तिचं लुगडं हाय," ते म्हणाले आणि पडल्या पडल्याच बोलू लागले. "म्हायेरी निघायच्या आदी इचारत व्हती, गाडीचा जीव कशात असतो म्हनून. मी हसून दावलं, ह्यो दांडा फिरतोय तवर गाडी जिती. मला नजर-बिजर पटत न्हाई, तिला ठावं व्हतं. पोट घिऊन खाली कशी शिरली असंल, राव."

नाल लोक पुढच्या बंपरला टांगतात. मी तसं सुचवलं आणि त्यांनी ती दांड्यावरून सोडवून तिथे बांधली. मग आम्ही देहूरोडला गेलो. काटा पस्तीस ओलांडून गेला तरी गाडी शांत होती; दांड्याच्या एका बाजूला पडलेलं नालेचं वजनच तिला हादरवत होतं. मला हायसं वाटलं, काम वाचलं होतं. सोपानरावांनी मात्र गाडी कडेला घेतली आणि ते स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

"वरीसभर हितंच व्हती," ते म्हणाले, "अन् मी तिला हाकलाया मिस्त्री हुडकत फिरलो."

दुसऱ्या दिवशी नाल पुन्हा दांड्यावर गेली. बाटल्यांचं काम त्यांनी आपणहून सोडलं आणि चाकणच्या बाजारातून कांदा वाहू लागले. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाले, "कांद्याला काय हुतंय?"

पुढे माझी बदली झाली. मला स्टेशनवर सोडायला तेच आले. रस्ता सरळ लागताच त्यांनी गाडी दामटली, माझा हात धरला आणि मधल्या सीटवर पालथा ठेवला.

"आली," ते म्हणाले. स्टेशन येईपर्यंत मी हात उचलला नाही.