तिसरी खुर्ची

शुक्रवारी संध्याकाळी बुडीच्या बारमध्ये मासे तळायला लागले की हार्टविकचं अर्धं गाव आत जेवत असतं आणि उरलेलं अर्धं दारात उभं राहून टेबल रिकामं व्हायची वाट बघत असतं. एर्विन कोस्काला मात्र गेले काही महिने टेबल नकोच असायचं. तो दाराच्या गार वाऱ्यात, बारच्या टोकाच्या उंच स्टुलावर एकटा बसायचा. ताटात तळलेला पर्च मासा, बटाट्याची धिरडी, काळपट पाव, कोबीची कोशिंबीर. शेजारी चेरी घातलेली गोड ब्रँडी. आणि नजर खिडकीजवळच्या टेबलावर. तिथे त्याचा तरुणपणापासूनचा दोस्त लिरॉय डॉम्बेक बसलेला असायचा, आणि लिरॉयच्या समोर, म्हणजे एर्विनच्या हक्काच्या खुर्चीवर, ग्वेन टिलरी.

एर्विन जळत होता. यापेक्षा सभ्य शब्द शोधण्यात काही अर्थ नाही.

आता कोणी म्हणेल, गाढवा, तिसरी खुर्ची ओढ आणि बस की. तीच तर गोम होती. आमच्या गावाची पोलीस समिती पाच साध्या माणसांची, आणि हे तिघेही त्याच समितीवर. पोलिसात कोणाला घ्यायचं, कोणाला बढती द्यायची, प्रमुख कोण होणार, लोकांच्या तक्रारींचं काय करायचं, हे सगळं हीच पाच माणसं ठरवतात, आणि दर महिन्याला पोलीसप्रमुख त्यांच्यासमोर हातात टोपी घेऊन बसतो. पाचातले तिघे कुठेही एकत्र आले की ती सभा होते. सभा म्हटली की आधी नोटीस लावायला हवी, दार लोकांना उघडं हवं. तिघांनी मासा खात नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारल्या तरी बघणारा म्हणणार, चाललंय काहीतरी शिजवणं. म्हणून एका टेबलावर दोघे चालतात, तिसरा चालत नाही.

आणि हा नियम गावात सगळ्यात कडक कोणी पाळला असेल तर एर्विननेच. समितीवरचे दातांचे डॉक्टर फेन्स्के एकदा ताट घेऊन हसत हसत त्याच्या आणि लिरॉयच्या टेबलाशी आले, तर हा म्हणाला, "डॉक्टर, टेकू नका. टेकलात की सभा झाली." बिचाऱ्या डॉक्टरांनी उभ्याने मासा संपवला. हा किस्सा एर्विन पुढे कित्येक वर्षं मिटक्या मारत सांगायचा. ग्वेन आल्यापासून सांगेनासा झाला.

एर्विन म्हणजे घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस. हार्टविकमधलं एकही तळघर त्याने पाहिलं नाही असं नव्हतं. कोणाच्या घरात भांडणं होतात, कोणाचा पोरगा तळघरात काय लपवतो, सगळं त्याला ठाऊक, आणि ते कधी बाहेर गेलं नाही. म्हणूनच मेयरने त्याला समितीवर घेतलं. ही नेमणूक हा त्याच्या आयुष्यातला एकमेव मान. चर्चमध्ये लोक वळून बघायचे, नवे पोलीस सलाम ठोकायचे. पुढे एक जागा रिकामी झाली तेव्हा मेयरच्या मागे लागून त्याने लिरॉयला आत घेतलं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला लिरॉय सभेत फारसा बोलायचा नाही, पण एर्विनच्या विनोदावर न चुकता हसायचा. एवढं पुरे होतं.

मग वसंतात समितीवर ग्वेनबाई आल्या. शहरातल्या मोठ्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स म्हणून जन्म काढून हार्टविकला राहायला आलेल्या. पहिल्या शुक्रवारी बारमध्ये एकट्याच उभ्या होत्या म्हणून लिरॉयने त्यांना टेबलावर बोलावलं. एर्विनला त्या दिवशी कोणाच्या तरी भट्टीने अडकवलं होतं. तो पोचला तर दोघं समोरासमोर, हातात लिंबाची फोड, हसतायत. लिरॉयने लांबूनच दोन्ही हात वर केले, म्हणजे बघ बुवा, आता काय करणार, आणि पुन्हा हसायला लागला. ते हसू एर्विनच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते अडकलंच.

"अरे, मग सांग ना लिरॉयला," त्याची बायको आर्लीन म्हणायची. "एक शुक्रवार तिचा, एक तुझा."

"मी का सांगू? त्याला कळायला नको?"

"तू लिरॉयशीच लग्न करायला हवं होतंस. मी सुटले असते."

"थट्टा करू नकोस. ती बाई मुद्दाम लवकर येऊन बसते."

"सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा रुसलायस रे, एर्विन. या वयात शोभत नाही."

सभेत तर आणखी आग. भरतीला आलेल्या प्रत्येक पोराला एर्विन वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारायचा. "शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर भुंकतोय, तुझी सुट्टी आहे. काय करशील?" लिरॉयला दर वेळी हसू फुटायचं. ग्वेनबाईंनी आल्या आल्या एका धिप्पाड पोराला विचारलं, "बाळा, 'माझं चुकलं' असं तू शेवटचं कोणाला म्हणालास?" पोरगा कानापर्यंत लाल झाला आणि मग आपल्या धाकट्या बहिणीबद्दल इतकं खरं बोलला की सगळ्यांनी त्याला एकमताने घेतलं. बाहेर पडताना लिरॉय म्हणाला, "काय प्रश्न काढला बाईंनी!" एर्विनने गाडीचं दार जरा जोरातच लावलं.

पुढच्या सभेत बाईंनी प्रमुखाला विचारलं, शहराच्या बाजूच्या पुलाजवळच तुमची माणसं एवढ्या गाड्या का अडवतात, आणि तळ्याकाठच्या बंगल्यांपाशी का नाही. प्रमुखाने टोपी या हातातून त्या हातात घेतली. पुढच्या महिन्यात पुलाजवळची पोलिसांची गाडी हलली. हाच प्रश्न एर्विनच्या मनात कैक वर्षं होता. विचारला मात्र नव्हता, कारण प्रमुख त्याला नावाने हाक मारायचा आणि ते त्याला फार आवडायचं. आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्याने करून दाखवावी यासारखी चीड नाही.

आणि मग प्रमुख निवृत्त व्हायला निघाले.

नव्या जागेसाठी शेवटी दोन नावं उरली. एक गावचाच कॅप्टन टॉड रीमर, सगळ्यांशी गोड, कोणाला न दुखावणारा. दुसरी पॉला व्हेट्श, शेजारच्या मिल क्रीकची लेफ्टनंट. मुलाखतींपुरतं दार बंद ठेवायची मुभा असते, तशा त्या बंद दाराआड झाल्या. व्हेट्श बोलायला लागली तेव्हा एर्विन खुर्चीत सावरून बसला. त्याच्या कुत्र्याच्या प्रश्नावर ती म्हणाली, "आधी शेजाऱ्याचं दार वाजवीन. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याचा मालक आत पडलेला असू शकतो." इतक्या वर्षांत हे उत्तर कोणी दिलं नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली, "एक विनंती आहे. माझ्या साहेबांना मी इथे आल्याचं माहीत नाही. निवड झाली नाही तर मला तिथेच परत जायचंय. तोवर माझं नाव बाहेर जाऊ देऊ नका." पाचही जणांनी माना डोलावल्या.

व्हेट्शच हवी, हे एर्विनला त्याच क्षणी कळलं होतं. पण ग्वेनबाईंच्या डोळ्यांतही त्याला तेच दिसलं, आणि घरी पोचेपर्यंत रीमर त्याला बरा वाटायला लागला.

मतदान मंगळवारी होतं. त्याआधीच्या शुक्रवारी एर्विन नेहमीच्या स्टुलावर बसला होता. दुसरी ब्रँडी चालू होती. खिडकीजवळ लिरॉय पुढे वाकून बाईंना काहीतरी सांगत होता. मध्येच त्याने टेबलावर बोटांची पेरं आपटली. ठक. ठक. ठक. बाई मान हलवून म्हणाल्या असाव्यात, नाही, असं नाही, आणि त्यांनीही आपटली. ठक ठक. दोघं हसली.

मतं मोजतायत, एर्विनच्या डोक्यात आलं. एक, दोन, तीन. माझ्याशिवाय. माझ्याच टेबलावर.

तो उठला. ताट उचललं, दुसऱ्या हाताने शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढत नेली आणि दोघांच्या मधोमध ठेवून बसला.

"काय चाललंय एवढं हसण्यासारखं? मलाही कळू द्या."

लिरॉयचा चेहरा उतरला. "एर्व, उठ. तिघं झालो आपण."

"होऊ देत."

"मिस्टर कोस्का," ग्वेनबाई हळूच म्हणाल्या आणि स्वतःचं ताट उचलायला लागल्या, "मी उठते. तुम्ही बसा."

या समजूतदारपणानेच त्याचं डोकं फिरलं. "उपकार नकोत! मला काय आंधळा समजलात? ठरवून टाकलंत ना दोघांनी? व्हेट्शबाईंना प्रमुख करताय ना? करा! कोस्काला विचारायचं कशाला!"

अख्ख्या बारने ऐकलं. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने काटा खाली ठेवला.

लिरॉय त्याच्याकडे बघत राहिला, अनोळखी माणसाकडे बघावं तसा. "ग्वेनच्या घरच्या भट्टीबद्दल बोलत होतो रे," तो म्हणाला. "रात्री ठोके देते. कसे देते ते विचारत होतो. म्हटलं, अशा आवाजावरून दुखणं ओळखणारा गावात एकच माणूस आहे, पण तो सध्या माझ्यावर का रुसलाय ते मला कळत नाही."

एर्विनने नजर ताटाकडे वळवली. धिरडं ताटात गार होत होतं.

शनिवारी हे मिल क्रीकला पोचलं. कोणाची तरी मेहुणी तिथे राहते, तेवढं पुरतं. सोमवारी गावच्या वकिलांनी मतदान थांबवलं, कारण तक्रार आली होती की समितीने बारमध्ये बसून चोरून सभा घेतली. त्याच दुपारी व्हेट्शने माघार घेतली. तिच्या साहेबांनी तिला बोलावून विचारलं होतं म्हणे, आम्ही काय वाईट होतो का. आता तिकडे तिची बढती गेली आणि इकडची जागाही गेली. एर्विनने हे ऐकलं आणि तळघरात जाऊन बसला. आर्लीनने दोनदा हाक मारली, मग तीही खाली येऊन पायरीवर बसली. थट्टा केली नाही.

मंगळवारची सभा नोटीस लावून, दारं उघडी ठेवून झाली. एरवी चार टाळकी येत नाहीत, त्या दिवशी भिंतीलगतही लोक उभे होते. अर्ध्या लोकांना डॉम्बेक आणि टिलरी यांचा राजीनामा हवा होता. एर्विन उभा राहिला.

"दोघंजण जेवत होते. त्यात गैर काही नव्हतं," तो म्हणाला. "तिसरी खुर्ची मी ओढली. नाव मी घेतलं. तेही कामाच्या काळजीने नाही. माझ्या दोस्तासमोर दुसरं कोणी बसलं ते मला सहन झालं नाही, म्हणून. एका चांगल्या बाईचं मी नुकसान केलं आणि गावाचंही. माझं चुकलं. मी समिती सोडतो."

त्याने छातीवरचा छोटा पितळी बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. ग्वेनबाईंनी मान खाली घातली. लिरॉय रडत होता आणि ते लपवतही नव्हता.

पुढच्या शुक्रवारी आर्लीनने त्याला घराबाहेर ढकललंच. "जा. आता तू कोणी नाहीस. कुठेही बसू शकतोस."

बारच्या दारात तो थबकला, तर खिडकीजवळून लिरॉय ओरडला, "ए कोस्का! खुर्ची कधीची रिकामी आहे!" आणि खरोखरच टेबलाशी तिसरी खुर्ची मांडलेली होती. ग्वेनबाईंनी त्याच्यासाठी धिरडी मागवून ठेवली होती, सफरचंदाच्या मुरंब्यासकट. एर्विन बसला. किती महिन्यांनी त्याने लिरॉयचं टक्कल इतक्या जवळून पाहिलं. त्याला फार बरं वाटलं.

भट्टीची गोष्ट निघाली. बाईंनी टेबलावर ठोके देऊन दाखवले, एर्विनने डोळे मिटून ऐकले आणि सांगितलं, "पत्रा गार होताना आकसतो. घाबरू नका. उद्या येतो." लिरॉय छाती फुगवून बाईंकडे बघत होता, जणू भट्टी त्यानेच दुरुस्त केली. एर्विनने मग जुना डॉक्टर फेन्स्केंचा किस्साही सांगितला. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि वाईट बाब अशी की त्या एर्विनला आवडल्या.

मग बाई लिरॉयकडे वळून म्हणाल्या, "काल प्रमुखाच्या जागेसाठी ती नवी नावं आली, बघितलीस? त्यातला तो तिसरा..." आणि थांबल्या.

लिरॉयने पावाचा तुकडा उगाच चुरगळला. हवेबद्दल काहीतरी बोलला. बाईही हवेबद्दल बोलल्या. एर्विन दोघांच्या तोंडाकडे बघत होता. ही नावं आता त्याच्यासमोर घ्यायची नव्हती. दारातल्या रांगेत उभ्या असलेल्या कोणाहीसमोर घ्यायची नाहीत, तशीच. तो तिसरा कोण, कसा बोलतो, कुत्र्याबद्दल त्याला कोणी विचारलं का, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं. आणि ते विचारायला त्याचा जीव नुसता तुटत होता.

"एर्व," लिरॉय कसनुसं हसत म्हणाला, "जरा ब्रँडी आणतोस का आमच्यासाठी? बारवरच्या कॉनीचा हात आज रिकामा दिसत नाही."

एर्विनला सगळं समजलं. तो उठला, गर्दीतून वाट काढत बारच्या टोकाला गेला आणि दाराच्या वाऱ्यात त्याच जुन्या स्टुलावर टेकला. मागे वळून पाहिलं तर दोन डोकी एकमेकांजवळ गेली होती, आणि मधली खुर्ची रिकामी होती.

"तीन ब्रँडी," तो कॉनीला म्हणाला. आणि ती बाटलीला हात घालणार तेवढ्यात पुढे म्हणाला, "सावकाश कर, पोरी. त्यांचं बोलणं व्हायचंय."