एकोणपन्नास कुठे थांबतो
भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. धुळ्याच्या एका कॉलेजात गणिताची स्पर्धा होती आणि मागच्या मैदानात जेवणासाठी अशीच वांगी भाजत होती. फळ्यावर खेळ चालला होता: संख्येचे मूळ अवयव पाडून लहान ते मोठे असे शेजारी-शेजारी लिहायचे आणि तयार झालेल्या संख्येचं पुन्हा तेच करायचं. दहाचे दोन आणि पाच, म्हणून २५. मग ५५, ५११ आणि शेवटी ७७३. ती मूळ संख्या, तिथे थांबायचं. परीक्षकांनी मला विचारलं, "प्रत्येक संख्या अशी थांबतेच का?" एकोणपन्नास फुगतच जाताना मी घरी पाहिलं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही. कोणीच सिद्ध केलेलं नाही." परीक्षक म्हणाले, "अगं, माहीत नाही हे काय उत्तर झालं? थांबतेच! शून्य गुण." मी सिद्धता मागितली, तर सगळा हॉल हसला. बाहेर जिन्यात आमचे सर कानाशी येऊन अहिराणीत म्हणाले, "तुनं बठ्ठं बरोबर शे, पन आते चूप ऱ्हाय. चाल जेवाले." माझं सगळं बरोबर आहे म्हणणाऱ्या सरांनी आत मात्र चकार शब्द काढला नव्हता. मी भरताला हात लावला नाही. आज एवढे कॉम्प्युटर राबवूनही एकोणपन्नास कुठे थांबतो ते कोणालाच सापडलेलं नाही. माझं उत्तर अजूनही बरोबर आहे, सर, आणि ते तुम्ही जिन्यात नाही, हॉलमध्ये म्हणायला हवं होतं.